मनूची लक्ष्मीबाई

शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ आमच्या वसतिगृहात हातोहात फिरली, तेव्हा प्रत्येकीने त्या चार बहिणींतली एकेक निवडून टाकली. बहुतेकींना अर्थातच ज्यो व्हायचे होते! लुइझा मे अल्कॉटची ती मूळ कादंबरी अमेरिकेत १८६८ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी मनकर्णिका जन्मली. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. मी राहुरीकडची, त्यामुळे हा योगायोग काही केल्या मनातून जाईना.

कादंबरीतल्या मुलींना वाढायला सवड मिळाली. त्यांनी नाटके रचली, भांडणे केली, आईच्या कुशीत रडून घेतले. मनूला ही सवड नव्हती. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात चालत नसे. १८८० साली, अकरा-बारा वर्षांची असताना, तिचे लग्न झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. शाळा तिने पाहिली नव्हती. लिहिणेवाचणे पुढे पतीनेच शिकवले.

पती म्हणजे कवी नारायण वामन टिळक. मोठा प्रतिभावंत माणूस, पण संसाराला पारखा. रागावले की घराबाहेर, लोभावले की जवळचे सगळे देऊन मोकळे. आज या गावी तर उद्या त्या गावी. लुइझाचे वडीलही असेच विचारवंत आणि कमाईच्या बाबतीत शून्य. घराचा भार अखेर तिच्या लेखणीवर पडला. अशा थोर पुरुषांच्या चुलीत लाकडे कोण सारत होते, हे त्यांच्या चरित्रांत क्वचितच सापडते. (आमच्या मराठीच्या सरांना हे वाक्य आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.)

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि भोवती कुजबुजणारे लोक. या दिवसांत बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. चार-पाच वर्षे अशी गेली. काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या.

लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेल्या, असे एका वाक्यात सांगून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. मागोमागच जायचे असते तर त्या १८९५ सालीच गेल्या असत्या. त्या नगरला टिळकांकडे आल्या तेव्हाही सोवळे घेऊनच आल्या. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. नवऱ्यावर जीव आहे, पण त्याच्या हातचे खायचे नाही, अशी ती विलक्षण गृहस्थी होती. टिळकांनीही बळजबरी केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

मग एकदा त्या एकट्याच विचार करीत बसल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत दिसते तसे काही वेगळेपण माणसाच्या अंगावरही दिसले नसते का? कोणाचा ग्रंथ नाही, कोणाचे व्याख्यान नाही. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरातल्या मुलीने स्वतःशी वाद घातला आणि स्वतःच निकाल दिला. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले आणि ते पाळले. वयाची तिशी तेव्हा जवळ आलेली किंवा उलटलेली होती. माझ्या मते मनू त्या दिवशी मोठी झाली.

पुढे १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो दुष्काळाचा काळ होता. अनाथ पोरे टिळकांच्या घरी येऊन राहिली आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना आपल्या पोरांसारखे वाढवले. अन्नाला कोणाचा हात लागला याची पूर्वी धास्ती बाळगणारी बाई आता कोणाकोणाची पोरे पंगतीला बसवीत होती. नगरला प्लेग आला तेव्हा मिशनच्या मुलींची शुश्रूषाही त्यांनी केली. राहुरीच्या एस.टी.त बसले की खिडकीबाहेर पाहताना मला ही पंगत आठवते. गावात मात्र फार थोड्यांना ती माहीत आहे.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अगदी आरंभीच्या अध्यायांतच थांबले होते. ते पुढे नेण्याचे काम या शाळा न पाहिलेल्या बाईंनी अंगावर घेतले आणि त्या ग्रंथाचे बहुतांश अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. दरम्यान मुलाबरोबर त्या कराचीला गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात आपल्या दुःखाकडे पाहून त्या इतक्या मोकळेपणाने हसतात की वाचणाराच ओशाळतो. पतीच्या तऱ्हेवाईकपणाची थट्टा आहे, पण कडवटपणा नाही. तो कुठे गेला, हे मी अजून शोधते आहे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. ‘चौघीजणी’ आता वसतिगृहात कोणाकडे आहे ते ठाऊक नाही. ‘स्मृतिचित्रे’ माझ्याकडे आहे, आणि ग्रंथालयाची मुदत संपून आठवडा झाला आहे.