दूरचित्रवाणी आणि पु. ल.

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोचली ती जाहिरातदाराचे बोट धरून. १९५१ ते १९५७ या काळात ‘आय लव्ह लुसी’ या विनोदी मालिकेने त्या देशाला पोट धरून हसविले. तिचा खर्च आरंभी एका सिगारेट कंपनीने उचलला होता. भारतात मात्र हे माध्यम १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत अवतरले ते युनेस्कोच्या साहाय्याने, लोकशिक्षणाचे साधन म्हणून. या नवजात माध्यमाच्या पाळण्याशी एक मराठी विनोदकार उभा होता, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेले पु. ल. देशपांडे शिक्षकी, प्राध्यापकी, संगीत आणि रंगभूमी अशा अनेक वाटा तुडवून १९५५ मध्ये आकाशवाणीत आले. त्यापूर्वी १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाची कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका त्यांनी एकहाती पेलली होती. १९५८ मध्ये बीबीसीकडे शिकण्यासाठी ते लंडनला गेले. त्या प्रवासाने मराठीला ‘अपूर्वाई’ दिली. परतल्यावर दिल्ली केंद्राचे ते पहिले निर्माते झाले आणि पंडित नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखतही त्यांनीच घेतली.

परंतु ते तेथे रमले नाहीत. नोकरी सोडून ते प्रेक्षकांसमोर उभे राहिले. १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ आली, पुढच्याच वर्षी ‘वाऱ्यावरची वरात’. १९६५ मध्ये हेमिंग्वेची कादंबरी त्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाद्वारे हास्यातून मिळालेला पैसा समाजकार्याकडे वळला. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रालाही त्यातूनच हातभार लागला. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुलंच्या मागे दूरदर्शनची वाट बदलत गेली. १९७६ मध्ये तेथे जाहिराती आल्या, १९८२ मध्ये रंग आले आणि १९८४ ची ‘हम लोग’ प्रायोजकाच्या बळावर उभी राहिली. तेव्हापासून एक वाद सतत ऐकू येतो: लोकांना हसवावे की शिकवावे? पुलंचे आयुष्य पाहिले की हा वादच पोकळ वाटू लागतो. त्यांनी हसविले, आणि त्या हसण्यातून माणसे अधिक समंजस झाली. दोष मनोरंजनाचा नव्हे. ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी आहे, हा खरा प्रश्न आहे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात बोहाड्याच्या रात्री गावकरीच देवदेवतांचे मुखवटे चढवून नाचतात. तेथे सोंग घेणारा आणि ते पाहणारा एकमेकांना ओळखतात. दूरचित्रवाणीने जामसरसारख्या गावालाही आपला प्रेक्षक करून घेतले. त्या गावची बोली आणि त्याचा तारपा मात्र पडद्यावर पाहुण्यासारखे क्वचितच डोकावले. पुलंची चाळ महाराष्ट्राने आपली मानली, कारण तिच्यात प्रत्येकाला आपला शेजारी भेटला. जामसरच्या माणसाला पडद्यावर आपला शेजारी भेटेल, त्या दिवशी १९५९ चा आरंभ सार्थकी लागला असे म्हणता येईल.