त्रिंबकजी डेंगळे
त्रिंबकजी डेंगळे (मृत्यू: १८२९, चुनार) हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी होते. ते मूळचे संगमनेर परिसरातील निमगाव जाळीचे. साध्या जासुदाच्या नोकरीपासून ते पेशव्यांच्या विश्वासातील प्रमुख व्यक्ती बनले.

जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले असल्याने रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनी त्रिंबकजींना दोषी ठरवून ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. सप्टेंबर १८१६ मध्ये ते तेथून निसटले.

त्रिंबकजींना पकडून देण्याच्या मागणीवरून इंग्रजांनी पेशव्यांवर पुण्याचा तह (१३ जून १८१७) लादला. त्यात पेशव्यांना त्रिंबकजींचा अपराध मान्य करावा लागला, तसेच मोठा मुलूख आणि मराठा संघावरील प्रमुखपदाचा हक्क सोडावा लागला. त्याच वर्षी युद्ध पेटले. एप्रिल १८१८ मध्ये मनमाडजवळील अणकाई किल्ला लढाईविना इंग्रजांच्या हाती गेला. त्याच वर्षी त्रिंबकजी नाशिक जिल्ह्यातील आहेरगाव येथे पकडले गेले. उर्वरित आयुष्य त्यांनी गंगाकाठच्या चुनार किल्ल्यात कैदेत काढले.