सडक्या अंड्यांच्या वासातून गंधक

माहुलच्या रिफायनरीत कच्चे तेल शुद्ध करताना सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूतून गंधक परत मिळवतात, ती पद्धत कार्ल क्लाऊस यांची. १८२७ साली जर्मनीत जन्मलेले हे रसायनतज्ज्ञ पुढे इंग्लंडला स्थायिक झाले. तिथे सोडा कारखान्यांच्या कचऱ्याचे ढीग हाच वायू सोडत. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो; प्रमाण फार वाढले की मात्र नाकच बधिर होते आणि धोका कळत नाही. चुन्याच्या भट्टीतला कार्बन डायऑक्साइड कचऱ्यात सोडून चान्स यांनी हा वायू मोकळा केला. क्लाऊस यांच्या १८८३ च्या पेटंटनुसार तो मोजक्या हवेसह तापलेल्या उत्प्रेरकावरून नेला, की उरते गंधक आणि पाणी. हवा जास्त झाली तर सल्फर डायऑक्साइड, म्हणजे दमेकऱ्यांचा वैरीच. क्लाऊस १९०० साली वारले. माहुलला रिफायनरी यायला तेव्हा अर्धशतक बाकी होते.