गोरेगावचे नारायणराव



ज्यांचे वडील किंवा आजोबा मुंबईला गिरणीत होते, त्यांना डिलाईल रोड कुठे ते सांगावे लागत नाही. त्याच रस्त्याला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात. हे जोशी आपल्या शेजारचे. महाडहून माणगावकडे जाताना लोणेऱ्याला आत वळले की गोरेगाव लागते. तिथे ५ जून १८७९ रोजी नारायण मल्हार जोशी यांचा जन्म झाला. तेव्हा आपला जिल्हा कोलाबा होता.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९०१ साली पदवी घेऊन त्यांनी सुमारे आठ वर्षे शिक्षकी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावात कोकणातली आणि घाटावरची माणसे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. तिथे पुस्तक ठेवायला फळी तरी कुठली? लीगने रात्रशाळा काढल्या, मोफत वाचनालये उघडली, फिरती वाचनालये चालवली. वाचणारा येऊ शकत नसेल तर पुस्तकाने त्याच्या दारी जावे, हे आज साधे वाटते. त्या काळी ग्रंथालय ही बहुधा वर्गणी भरू शकणाऱ्या सुशिक्षितांची जागा होती.

इथपर्यंतचे काम अनेक सज्जन करतात. आपणही जूनमध्ये वह्या वाटतो. नारायणराव इथे थांबले नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

१८९१ पासून नऊ वर्षांचे मूल कारखान्यात कामाला ठेवण्यास कायद्याची मुभा होती. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील मुलांचे काम दिवसाला सहा तासांवर आणले. पण काही मुले एका गिरणीतून सुटून दुसरीत जात. कापसाच्या धुळीत दिवस काढलेल्या अशा पोरापुढे रात्री गोष्टीचे पुस्तक उघडले, तरी दुसऱ्या पानाला त्याचे डोळे मिटणारच. सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. विचार करायला फुरसत लागते, हे त्याचे म्हणणे आम्हाला पटले. ती फुरसत गुलामांच्या कष्टांवर उभी होती, हे मात्र वर्गात जरा घाईने उरकले गेले. पुस्तक फुकट देता येते. ते वाचायला लागणारी संध्याकाळ गिरणीमालकाकडून परत मिळवावी लागते.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे नारायणराव भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. उद्योगांत मुलांना कामाला लावण्याचे किमान वय चौदा ठरले, भारतासाठी मात्र बारा. आपल्या मुलांसाठी दोन वर्षे कमीच, पण नऊपेक्षा तीन जास्त! १९२२ च्या कारखाना कायद्यात ते बारा वर्षांचे बंधन आले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांत नारायणराव होते. १९२१ पासून पुढे दोन तपांहून अधिक काळ मध्यवर्ती विधिमंडळात ते कामगारांची बाजू मांडत राहिले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्याच आपल्या कामगारविषयक परिपत्रकात, शरीर आणि बुद्धी पुरेशी वाढल्याशिवाय मुलांना कारखान्यात घालू नये, असे बजावले होते. गोरेगावचा हा शिक्षक आपल्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचला.

३० मे १९५५ रोजी नारायणरावांचे निधन झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे ठरवून दिले आहे. पण पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघतात. पोरेही बरोबर जातात, धाकट्याला सांभाळायला, विटा उलटायला. ती परततात तोवर उन्हाळा आलेला असतो आणि शाळेच्या कपाटाला कुलूप लागलेले असते.