समजून घ्या : कोल्हापूरच्या ‘थोरल्या दवाखान्या’ने नेमलेल्या डॉ. आनंदीबाई रुजू का झाल्या नाहीत?

कोडोली : पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीत दुखणे हाताबाहेर गेले, की रुग्णाला कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे थोरल्या दवाखान्यात नेतात. १८८६ मध्ये हेच रुग्णालय अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखले जाई. तिथल्या स्त्रियांच्या विभागासाठी संस्थानने डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली होती.

कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. अभ्यास टाळला म्हणून त्यांनी तिच्यावर हातही उगारला. त्यामुळे त्यांना सरसकट पुरोगामी म्हणून मोकळे होता येत नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले, ते दहा दिवसांत दगावले. डॉक्टर होण्याचे मनाने घेतले ते तेव्हापासून.

या प्रवासात कोल्हापूर आधीही येऊन गेले. बदलीनिमित्त जोशी दांपत्य इथे राहिले, आनंदीबाई मिशनच्या शाळेत गेल्या. कोल्हापुरात मिशन सुरू करणारे वाइल्डर तोपर्यंत अमेरिकेत परतले होते. गोपाळरावांनी त्यांनाच पत्र लिहिले. मदतीसाठी धर्मांतराची अट आली. पण वाइल्डर यांच्या मासिकात छापलेला तो पत्रव्यवहार न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि अमेरिकेची वाट उघडली. (कोल्हापूरच्या याच मिशनने पुढे कोडोलीतही काम उभे केले.)

१८८३ मध्ये आनंदीबाई पतीशिवाय बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. तोवर क्षयाने त्यांना गाठले होते. नोव्हेंबरमध्ये त्या मायदेशी परतल्या, कोल्हापूरला रुजू होण्याइतके बळ उरले नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय २१.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगापुढे आणला होता, पण औषध नव्हते. पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, मिळायला १९४३ उजाडले. आज सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी पूर्वी दीड-दोन वर्षे लागत. त्यासाठीच्या ‘बीपाल्म’ या चार औषधांच्या, सहा महिन्यांच्या उपचाराला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अर्थात, मध्येच गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो.

पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी कोल्हापूरच्या याच रुग्णालयात स्त्रियांवर उपचार केले. आता सीपीआरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे आणि वॉर्डात राउंड घेणाऱ्यांत मुलीही असतात.