मोजणारे यंत्र कोणाचे?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत प्रत्येक जातीची मोजणी होणार, म्हणून चळवळीत समाधान व्यक्त झाले आणि ते रास्तच होते. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आणि कागदाऐवजी मोबाइल ॲपवर माहिती भरली जाईल, असेही सांगण्यात आले. जात मोजावी की मोजू नये यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद झाला. परंतु ज्या यंत्रावर ती मोजायची ते यंत्र कोणाच्या ताब्यात, त्याच्या आत काय चालते आणि ते तपासण्याचा अधिकार कोणाला, यावर फारसे कोणी बोलत नाही. म्हणूनच आज आम्ही एका माणसाची जीवनकथा सांगणार आहोत. संगणकाच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या-दुसऱ्या धड्यातच त्यांचे नाव येते. विद्यार्थी ते दोन मार्कांसाठी पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. हर्मन हॉलेरिथ हे ते नाव.

हॉलेरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो शहरात, जर्मनीहून आलेल्या कुटुंबात झाला. शाळेत शुद्धलेखनाशी त्यांचे कधी जमले नाही. पण यंत्रांत डोके चाले. १८७९ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबियातील खाणकाम विद्यालयातून ते अभियंता होऊन बाहेर पडले. हेच ते कोलंबिया, जिथे पुढे १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले. हॉलेरिथ यांचे प्राध्यापक ट्रोब्रिज यांनी त्यांना १८८० च्या अमेरिकन जनगणनेच्या कामावर नेले. तिथे त्यांना जे दिसले त्यानेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

पाच कोटी लोकांची माहिती गोळा झाली होती आणि शेकडो कारकून कागदावर रेघा ओढून ती मोजत बसले होते. हे काम पुरते आटोपायला सात वर्षांहून अधिक काळ लागला. लोकसंख्या अशीच वाढत राहिली तर एक जनगणना संपण्याआधी दुसरी दारात उभी राहणार, हे उघड होते. मृत्यूच्या आकडेवारीचे काम पाहणारे डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी या तरुणाला सुचवले की, हे हमालीचे काम करणारे एखादे यंत्र असायला हवे. हॉलेरिथ यांनी ते मनावर घेतले. १८८२ साली एमआयटीत अध्यापन, नंतर वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात नोकरी आणि १८८४ साली स्वतःच्या यंत्रासाठी पेटंटचा पहिला अर्ज, असा हा प्रवास आहे. पेटंट कार्यालयात त्यांनी हक्काचा कायदा आतून पाहिला. पुढे तो त्यांना यंत्राइतकाच उपयोगी पडला.

यंत्राची कल्पना कशी सुचली, ती हकिकत प्रसिद्ध आहे. रेल्वेच्या प्रवासात त्यांनी कंडक्टरला तिकिटावर भोके पाडताना पाहिले. केसांचा रंग, डोळे, नाक अशा प्रवाशाच्या खुणा तिकिटाच्या कडेला छापलेल्या असत. कंडक्टर योग्य जागी भोक पाडी. एकाचे तिकीट दुसऱ्याने वापरू नये हा हेतू. हॉलेरिथ यांनी त्यातून एवढेच उचलले की माणसाचे वर्णन भोकांत करता येते. एका माणसाला एक कार्ड. स्त्री की पुरुष, वय किती, जन्म कुठला, वंश कोणता, प्रत्येक उत्तराला कार्डावर ठरलेली जागा. कार्ड यंत्रात ठेवून दाबले की वरच्या टाचण्या खाली येत. भोक असेल तिथे टाचणी आरपार जाऊन पाऱ्याच्या वाटीत बुडे, विजेचे मंडल पुरे होई आणि तबकडीवरचा काटा एका घराने पुढे सरके.

१८८९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्याच वर्षी जनगणना खात्याने तीन पद्धतींची स्पर्धा घेतली, तीत हॉलेरिथ यांचे यंत्र जिंकले. १८९० च्या जनगणनेत सुमारे सहा आठवड्यांत सुमारे ६ कोटी २६ लाख हा लोकसंख्येचा पहिला ढोबळ आकडा हाती आला. कोलंबियाने त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट दिली. हे कर्तृत्व मोठे आहे आणि ते आम्ही मनापासून मान्य करतो.

पण त्या कार्डावर काय होते तेही पाहा. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत काळ्या माणसांचे चार प्रकार पाडले होते. कृष्णवर्णीय, मुलाटो, क्वाड्रून आणि ऑक्टोरून. कोणाच्या अंगात काळे रक्त तीन-चतुर्थांश, कोणाच्या अर्धे, कोणाच्या पाव, कोणाच्या एक-अष्टमांश, हे प्रगणकाने ठरवायचे! ज्या समाजाने पायरीपायरीची विषमता भोगली आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ही वर्गवारी यंत्राने केली नव्हती, ती राज्यकर्त्यांच्या डोक्यात होती. यंत्राने फक्त ती वेगवान केली. यंत्र निष्पक्ष असते असे म्हणणाऱ्यांनी एवढेच विचारावे, की भोकांच्या जागा कोणी ठरवल्या?

आता व्यवहाराची बाजू. हॉलेरिथ यंत्रे विकत नसत, ती भाड्याने देत. मालकी कायम त्यांची. यंत्रात लागणारी कार्डेही त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि एकदा वापरलेले कार्ड पुन्हा उपयोगाचे नसल्याने तिथला पैसा कधी थांबत नसे. १८९६ साली त्यांनी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. रेल्वे कंपन्या गिऱ्हाईक झाल्या, रशियाच्या १८९७ च्या जनगणनेतही ही यंत्रे गेली. आज आपण पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतो, पण हाती येतो तो फक्त वापरण्याचा परवाना; आत काय आहे ते उघडून पाहण्याची मनाई असते. वकिलीच्या भाषेत सांगायचे तर आपण भाडेकरू असतो. या पद्धतीचा पाया हॉलेरिथ यांच्या काळातच घातला गेला.

त्याचे फळ लवकरच दिसले. १९०० ची जनगणना याच यंत्रांवर झाली. १९०२ मध्ये जनगणना खाते कायमस्वरूपी झाले आणि नवे संचालक नॉर्थ यांना भाड्याचे दर अवाच्या सवा वाटू लागले. हॉलेरिथ हटेनात, कारण त्यांच्यासारखे यंत्र दुसऱ्या कोणाजवळ नव्हते. १९०५ मध्ये संबंध तुटले. सरकारने मग स्वतःचा कारखाना उभारला, जेम्स पॉवर्स या तंत्रज्ञाला घेतले आणि स्वतःची यंत्रे बनवली. १८८९ च्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत १९०६ मध्ये संपली होती, म्हणून हे शक्य झाले. १९१० मध्ये हॉलेरिथ न्यायालयात गेले, पण जनगणना थांबली नाही.

या भांडणात कोण बरोबर? संशोधकाला त्याच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे, हे आम्ही नाकारीत नाही. पण एका देशातील माणसे मोजण्याचे काम एका खाजगी पेटीवर अवलंबून राहावे आणि त्या पेटीच्या मालकाने दर सांगावा, हे लोकशाहीत बसत नाही. अमेरिकन सरकार सुटले, कारण मुदत संपणारा कायदा आणि सरकारचा स्वतःचा कारखाना या दोन गोष्टी हाताशी होत्या. आज आपल्या देशात सॉफ्टवेअरवर किमान ६० वर्षांचा कॉपीराइट आहे. तोवर ते सॉफ्टवेअरच भंगारात गेलेले असते!

१९११ मध्ये हॉलेरिथ यांनी कंपनी विकली. त्यांच्या वाट्याला सुमारे १२ लाख डॉलर आले. आणखी दोन कंपन्यांशी जोडून जी नवी कंपनी झाली तिची सूत्रे १९१४ मध्ये थॉमस वॉटसन यांच्याकडे गेली आणि १९२४ मध्ये तिचे नाव आयबीएम झाले. कार्डे आमच्याकडूनच घ्या, ही अट इतकी वर्षे चालली की अखेर १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला ती बेकायदा ठरवावी लागली. हॉलेरिथ तोवर राहिले नव्हते. उत्तर आयुष्यात शेती आणि गुरे यांत रमलेल्या या संशोधकाचे १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये निधन झाले.

माणूस गेला, पण नाव मागे राहिले. आणि ते कुठे राहिले हे वाचकांनी जाणून घेतले पाहिजे. आयबीएमच्या जर्मन शाखेच्या नावातच हॉलेरिथ होते. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ ची जनगणना याच शाखेच्या यंत्रांवर मोजली गेली. १९३९ च्या जनगणनेत तर प्रत्येकाचे चारही आजी-आजोबा ज्यू होते काय, हे एका वेगळ्या कार्डावर विचारले गेले. या माहितीचा माणसे पकडण्यासाठी नेमका किती वापर झाला यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ती कशासाठी विचारली यावर मतभेद असण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये रेने कार्मिय या सांख्यिकी अधिकाऱ्याने ज्यू नागरिकांची यादी जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून कार्डांचे काम मुद्दाम रखडवले. १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४५ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत त्यांनी प्राण सोडला.

हे फक्त हुकूमशाहीत घडते, असे कोणी म्हणेल. नाही! लोकशाही अमेरिकेत मार्च १९४२ च्या युद्धविषयक कायद्याने जनगणनेच्या गोपनीयतेचे कलम बाजूला सारले गेले. जपानी वंशाची वस्ती कोणत्या भागात किती, याचे तक्ते जनगणना खात्याने लष्कराला पुरवले आणि एक लाखाहून अधिक माणसांना घरातून उचलून छावण्यांत नेले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. साल २००० मध्ये, ५८ वर्षांनी, जनगणना संचालकांनी माफी मागितली. या पापांचे खापर आम्ही मृत हॉलेरिथ यांच्यावर फोडत नाही. परंतु बंद पेटी आणि एका कलमाने उडून जाणारी गोपनीयता एकत्र आली की काय होते, हे त्यांच्या यंत्राच्या इतिहासातून शिकावेच लागते.

मग मोजणीच नको म्हणायचे काय? मुळीच नाही. १९५१ च्या जनगणनेतून जातींचे तक्ते गाळले गेले तेव्हा बाबासाहेबांनी १९५५ च्या भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यावर स्पष्ट आक्षेप नोंदवला होता. आकडा दडवला म्हणजे अन्याय दडत नाही, पण दाद मागण्याचे साधन हिरावले जाते. आमची संख्या हाच आमचा पुरावा आहे. १९५१ मध्ये या देशात बौद्ध दोन लाखही नव्हते, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये ते ३२ लाखांवर गेले, हे जनगणनेनेच जगाला दाखवले.

आणि तरीही आम्हाला २०११ चा एक प्रसंग आठवतो. आमच्या वस्तीत आलेल्या प्रगणकाने धर्म न विचारताच रकाना भरला. आम्ही फॉर्म पाहायला मागितला. सांकेतिक अंक १, म्हणजे हिंदू. आम्ही तिथेच उभे राहून तो खोडायला लावला आणि ५, म्हणजे बौद्ध, असा लिहून घेतला. मग शेजारची दहा घरे फिरलो. कागद होता म्हणून चूक दिसली. ॲपमध्ये बोट कुठे पडले, आणि पडल्यावर आत काय नोंदले गेले, हे घरातल्या माणसाला कसे कळणार?

२०११ च्याच सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत जातींची सुमारे ४६ लाख नावे गोळा झाली. जातींची पक्की यादी आधी तयार नव्हती, माहिती सदोष आहे, असे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. आकडे बाहेर आलेच नाहीत. म्हणजे पेटीची रचना चुकली आणि शिक्षा ओबीसी बांधवांना झाली.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ॲपची मूळ संगणक-संहिता जनतेसाठी खुली करावी. हे अशक्य नाही. मे २०२० मध्ये लोकांच्या मागणीनंतर आरोग्य सेतूची संहिता सरकारने खुली केली होती आणि सरकारी सॉफ्टवेअर खुले करण्याचे धोरण २०१५ पासूनच आहे. जात आणि धर्म यांच्या सांकेतिक यादीवर हरकती मागवाव्यात. प्रत्येक घराला भरलेल्या माहितीची प्रत मिळावी. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ नुसार या नोंदी पाहणीस खुल्या नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ते संरक्षण कोणत्याही निमित्ताने सैल होऊ नये. नागरिकत्वाच्या २००३ च्या नियमांखाली होणाऱ्या लोकसंख्या नोंदवहीला हे संरक्षण नाही, म्हणून ही माहिती तिकडे वळवली जाणार नाही अशी कायद्याने हमी द्यावी. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलेच आहे.

कार्यकर्त्यांनी हे सरकारवर सोडून बसू नये. प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत दोन तरुण असे हवेत की जे प्रगणकाच्या शेजारी उभे राहून पडद्यावर काय उमटले ते घरच्यांना वाचून दाखवतील. मोजून घेणे हा आपला हक्क आहे, आणि बरोबर मोजले गेले की नाही हे पाहणे हाही.

जयभीम!