आंरी देग्रांज : स्पर्धेचे जनक, स्पर्धेचे वार्ताहर

क्रीडापत्रकारितेच्या विश्वासार्हतेचा विचार करताना आंरी देग्रांज या फ्रेंच संपादकाचे चरित्र आपण अवश्य अभ्यासावे.

पॅरिसमध्ये १८६५ साली जन्मलेले देग्रांज स्वतः सायकलपटू होते. १८९३ मध्ये त्यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून विक्रम नोंदवला. त्या काळी ‘ल व्हेलो’ हे आघाडीचे क्रीडादैनिक होते. द्रेफ्यूस प्रकरणावरून त्याच्या संपादकाशी बिनसलेल्या उद्योगपतींनी १९०० मध्ये प्रतिस्पर्धी दैनिक काढले आणि त्याची सूत्रे देग्रांज यांच्या हाती दिली. पिवळ्या कागदावर छापले जाणारे हे दैनिक पुढे ‘लोतो’ या नावाने ओळखले गेले. ‘पीतपत्रकारिता’ ही संज्ञा मात्र अमेरिकेतून आली. या कागदाशी तिचा संबंध जोडू नये.

खप वाढेना, तेव्हा जिओ लफेव्र या तरुण सहकाऱ्याने सायकलवरून देशप्रदक्षिणेची स्पर्धा भरवण्याचे सुचवले. १ जुलै १९०३ रोजी ‘टूर द फ्रान्स’साठी ६० स्पर्धक निघाले, २१ जणांनीच ती पूर्ण केली. ‘लोतो’चा खप झपाट्याने वाढला आणि १९०४ मध्ये ‘ल व्हेलो’ बंद पडले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला स्पर्धक क्षणभरच दिसत. उरलेली स्पर्धा तो दैनिकातच वाचत असे. देग्रांज यांच्या लेखणीतून सायकलपटू महाकाव्यातील वीरांसारखे अवतरत. स्पर्धा भरवणारा, तिचे नियम ठरवणारा आणि तिचा वृत्तान्त विकणारा एकच होता. १९०४ च्या स्पर्धेत गैरप्रकार झाले. पहिल्या चारही क्रमांकांना अपात्र ठरवले ते सायकल महासंघाने, दैनिकाने नव्हे.

१९२४ मध्ये आदल्या वर्षीचे विजेते आंरी पेलिसिए यांनी नियमांच्या जाचाला कंटाळून स्पर्धा सोडली. खेळाडूंच्या यातना आणि त्यांची उत्तेजक औषधे वाचकांपुढे आणली ती आल्बेर लोंद्र यांनी, दुसऱ्या दैनिकातून. त्या कथनातही अतिशयोक्ती होती, असे पेलिसिए बंधूंपैकी एकाने पुढे सांगितले. म्हणजे सनसनाटी केवळ गौरवातच नसते, गौप्यस्फोटातही असू शकते.

देग्रांज १९४० मध्ये निवर्तले. स्पर्धा आजही चालू आहे. त्यांना केवळ व्यापारी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण त्यांचे खेळावरील प्रेम खरे होते. परंतु प्रेम ही निःपक्षपातीपणाची हमी नव्हे. म्हणून कोणताही क्रीडावृत्तान्त वाचताना तो कोणी लिहिला, एवढेच पाहू नका. त्या सामन्याच्या यशात लिहिणाऱ्याचा वाटा किती, हेही तपासा.